चेतातंतूच्या टोकात ग्लुकोज शिरते कसे आणि ते मोजायचे कसे

मेंदूचे वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण ऊर्जेचा खर्च २० टक्क्यांच्या घरात. त्यातला मोठा वाटा जातो अक्षतंतूवरच्या गाठींमध्ये. प्रयोगशाळेत सगळे त्यांना बूटॉन म्हणतात. एक बूटॉन जेमतेम १ मायक्रोमीटर रुंद असतो आणि पेशीचे मुख्य अंग तिथून कित्येक मिलिमीटर लांब असू शकते. एवढ्या अंतरावरून एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, वाहत येईल या भरवशावर बूटॉनला राहता येत नाही. त्यात कितीतरी बूटॉनांमध्ये मायटोकाँड्रिया नसतोच. त्यामुळे साखर जागेवरच आत घ्यायची, जागेवरच फोडायची आणि जागेवरच खर्चायची, असा तिथला हिशेब आहे.

हे मोजायला बसणारा नवखा माणूस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घसरतो: ग्लुकोज आत शिरणे आणि ग्लुकोज वापरले जाणे या दोन गोष्टी तो एकच समजतो. पेशीपटलातले वाहक प्रथिन ग्लुकोजला फक्त दारातून आत सोडते, आणि हे दार दोन्ही बाजूंनी उघडते. आत आलेल्या ग्लुकोजवर हेक्सोकायनेज हे एन्झाइम फॉस्फेट चढवते, तेव्हाच ते अडकते. मेंदूतले हेक्सोकायनेज ०.०५ मिलिमोलरच्या आसपासच अर्ध्या वेगाने धावू लागते, त्यामुळे आत थोडे जरी ग्लुकोज असले तरी ते उचलले जाते. तुमची पद्धत दार मोजते की हेक्सोकायनेज, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

दार कुठले

चेतापेशीत मुख्य वाहक ग्लूट-३. ग्लुकोजशी त्याची ओढ जास्त आहे आणि कामाचा वेगही मोठा, म्हणून मेंदूतल्या पेशींबाहेरच्या द्रवात १ ते २.५ मिलिमोलर इतकेच ग्लुकोज असले तरी त्याचे भागते. ग्लूट-१ हा रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि चेतापेशींना सांभाळणाऱ्या ॲस्ट्रोसाइटमध्ये असतो. ग्लूट-४ आपल्याला स्नायू आणि चरबीच्या पेशींतून माहीत असतो: इन्सुलिन आले की आतल्या पुटिकांतून, म्हणजे चिमुकल्या पिशव्यांतून, पटलावर येतो. गझाले अश्रफी, टिमोथी रायन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये न्यूरॉन या नियतकालिकात दाखवले की बूटॉनमध्येही ग्लूट-४ असाच पटलावर चढतो, मात्र तिथे इशारा येतो आवेगांच्या माऱ्यातून आणि निरोप पोचवते एएमपीके. ऊर्जा घटली की जागे होणारे हे एन्झाइम. ग्लूट-४ कमी केलेल्या बूटॉनला सतत काम दिले की एटीपी टिकत नाही आणि पुटिकांचे चक्र अडखळते.

नावांचा एक घोळ आधीच निस्तरून ठेवा. व्हीग्लूट म्हणजे पुटिकेत ग्लुटामेट हा चेतासंदेशवाहक भरणारे प्रथिन. ग्लूटशी त्याचा काही संबंध नाही. फ्रीजरमधल्या प्लाझ्मिडच्या (पेशीत घालायच्या जनुकाच्या) नळीवर घाईत नुसते 'ग्लूट-१ पीएचफ्लूरिन' लिहिले (पीएचफ्लूरिन हे चमकणारे प्रथिन, पुढे येईलच), तर सहा महिन्यांनी आत नेमके काय आहे हे सीक्वेन्स केल्याशिवाय कळत नाही. या प्रयोगात दोन्ही लागतात, तेव्हा नाव पूर्ण लिहा.

द्रावणे

चित्रणाच्या द्रावणात सोडियम क्लोराइड ११९, पोटॅशियम क्लोराइड २.५, कॅल्शियम क्लोराइड २, मॅग्नेशियम क्लोराइड २, पीएच स्थिर ठेवणारे हेपीस ५० आणि ग्लुकोज ५ मिलिमोलर. एका लिटरला वजनात सांगायचे तर सोडियम क्लोराइड ६.९५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१८६ ग्रॅम, दोन पाण्याचे कॅल्शियम क्लोराइड ०.२९४ ग्रॅम, सहा पाण्याचे मॅग्नेशियम क्लोराइड ०.४०७ ग्रॅम, हेपीस ११.९ ग्रॅम, ग्लुकोज ०.९ ग्रॅम. पीएच ७.४ करायचा तो ३७ अंशांवर. हेपीसचा पीएच तापमान वाढले की उतरतो, अंशामागे सुमारे ०.०१४. खोलीत २५ अंशांना ७.४ जुळवलेले द्रावण चित्रणाच्या वेळी ७.२३ वर येते. इतर कामात हे खपून जाईल, पण इथे वापरायचा रंग पीएचवरच चालतो, तेव्हा इथे खपत नाही.

आवेग दिल्यावर पेशींनी आपापसांत गोंगाट सुरू करू नये म्हणून ग्लुटामेटचे ग्राहक अडवणारे सीएनक्यूएक्स १० मायक्रोमोलर आणि एपी-५ ५० मायक्रोमोलर घाला. ग्लुकोज नसलेले द्रावण करताना त्याच्या जागी तेवढेच मॅनिटॉल घाला आणि दोन्ही ऑस्मोमीटरवर ताडून पाहा. ग्लुकोजशिवाय पेशी तगवायच्या असतील तर लॅक्टेट आणि पायरुव्हेट प्रत्येकी १.२५ मिलिमोलर. त्यातून ग्लायकोलिसिस (ग्लुकोज फोडण्याचा टप्पा) वगळून मायटोकाँड्रियाला इंधन मिळते.

आणखी दोन द्रावणे लागतात. अमोनियमचे: सोडियम क्लोराइड ११९ वरून ६९ वर आणा आणि त्याच्या जागी अमोनियम क्लोराइड ५० मिलिमोलर, म्हणजे लिटरला २.६७ ग्रॅम घाला. बाकी सगळे तेच. आम्लाचे: हेपीसच्या जागी एमईएस हे आम्लाकडचा पीएच धरणारे बफर, पीएच ५.५. दोन्ही वापरण्याआधी ३७ अंशांवर आणून ठेवा.

पेशी तयार करताना

नवजात उंदराच्या हिपोकॅम्पसमधल्या पेशी, पॉलिऑर्निथिन किंवा पॉलिलायसिन लावलेल्या कव्हरस्लिपवर. संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी या कामाला आधीच घेतलेली असते. ग्लायल पेशी माजू नयेत म्हणून काही दिवसांनी सायटोसिन अरॅबिनोसाइड. प्लाझ्मिड सातव्या-आठव्या दिवशी कॅल्शियम फॉस्फेटने. या पद्धतीत फारच थोड्या पेशी रंगतात, आणि आपल्याला तेच हवे असते: काळ्या पार्श्वभूमीवर एकाच पेशीचा एकटा अक्षतंतू, त्यावर ओळीने मणी ओवावेत तसे बूटॉन. लिपिडवाली पद्धत वापरली तर डिशभर जाळे उजळते आणि कुठला तंतू कुठल्या पेशीचा ते सांगता येत नाही. चित्रण १४ ते २१ दिवसांच्या दरम्यान.

आता माध्यमाकडे वळू, कारण बहुतेक प्रयोग इथेच बिघडतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. न्यूरोबेसल या नेहमीच्या माध्यमात ग्लुकोज २५ मिलिमोलर असते, मेंदूतल्या प्रमाणाच्या दहापटीहून जास्त. इतक्या साखरेत वाढलेल्या बूटॉनला ग्लूट-४ बोलवायची गरज पडेलच असे नाही. त्यात सुमारे ०.२३ मिलिमोलर पायरुव्हेटही असते, म्हणजे 'ग्लुकोजशिवाय' ठेवलेल्या पेशी प्रत्यक्षात उपाशी नसतात. माध्यमात घालायच्या बी-२७ या पूरकात इन्सुलिन भरपूर असते आणि गॅलॅक्टोजही असते. ज्या वाहकाला इन्सुलिन हलवते त्याचा प्रयोग इन्सुलिनच्या डबक्यातून थेट उचललेल्या पेशींवर केला, तर पाया आधीच वर चढलेला असतो. उपाय सोपा आहे: चित्रणाआधी पेशी दोनदा धुवून ५ मिलिमोलर ग्लुकोजच्या, इन्सुलिन नसलेल्या द्रावणात तासभर तरी ठेवा आणि ही वेळ सगळ्या डिशना सारखी ठेवा. एक डिश २० मिनिटे आणि दुसरी दोन तास असे झाले तर येणारा फरक औषधाचा की उपासाचा, हे कुणीच सांगू शकणार नाही.

पहिले माप: दार पटलावर आले का

पीएचफ्लूरिन हे हिरव्या चमकीचे प्रथिन १९९८ पासून वापरात आहे. त्याचा पीके, म्हणजे निम्मे रेणू चमकण्याच्या अवस्थेत असतात तो पीएच, ७.१ च्या आसपास. आम्लात विझते, उदासीन पीएचला पेटते. ७.४ ला त्याचे दोन तृतीयांश रेणू चमकण्याच्या अवस्थेत असतात, ५.५ ला अडीच टक्के. जवळपास २७ पट फरक. ग्लूट-४ च्या बाहेरच्या बाजूच्या पहिल्या वळणात ते बसवले की प्रथिन आतल्या आम्लधर्मी पुटिकेत असेपर्यंत अंधार आणि पटलावर आले की उजेड. बूटॉन नेमका ओळखता यावा म्हणून सोबत लाल रंग जोडलेले सिनॅप्टोफायसिन हे पुटिकांवरचे प्रथिन घाला.

कव्हरस्लिप परफ्यूजन चेंबरमध्ये बसवा. चेंबर आणि ऑब्जेक्टिव्ह दोन्ही ३७ अंशांवर. ऑब्जेक्टिव्ह गरम केले नाही तर तेलातून उष्णता निसटते आणि नेमकी बघायची जागा थंड पडते. १५ मिनिटे तापमान स्थिरावू द्या, तोवर फोकस सरकतच राहतो. ४० पटीचे, १.३ एनएचे तेलातले ऑब्जेक्टिव्ह, ४८८ नॅनोमीटरचा प्रकाश कमीत कमी, सेकंदाला दोन चित्रे.

आधी ३० सेकंद शांत चित्रण. मग प्लॅटिनम-इरिडियमच्या तारांमधून १ मिलिसेकंदाचे ठोके, सेंटिमीटरला सुमारे १० व्होल्ट, १० हर्ट्झने ६० सेकंद, म्हणजे ६०० आवेग. त्यानंतर काही मिनिटे नुसते बघत राहा. पुटिकांतून सोडल्या जाणाऱ्या प्रथिनांसारखी झटकन उसळी इथे दिसत नाही. चमक हळूहळू चढते आणि उतरायलाही वेळ घेते. झटकन उसळी दिसली तर नळी बदलली का ते तपासा. बहुधा व्हीग्लूट निघेल.

शेवटी आम्लाचे द्रावण, परत साधे, मग अमोनियमचे. आम्लाने पटलावरचे तेवढे विझते. अमोनियमने आतले सगळे ७.४ ला येऊन पेटते. पटलावरचा वाटा असा काढा: सुरुवातीच्या चमकेतून आम्लातली चमक वजा करा, आणि या उत्तराला अमोनियममधली चमक उणे आम्लातली चमक याने भागा. अक्षतंतूतल्या एंडोप्लाझ्मिक जाळ्यात अडकलेले प्रथिन उदासीन पीएचला असल्याने कायम चमकत राहते आणि पाया फुगवते. दोन्ही वेळा आम्लातली चमक वजा केल्याने ते अंश आणि छेद दोन्हींतून निघून जाते. मात्र प्रथिन फार जास्त बनवणारी पेशी दिसली तर ती सोडून द्या. जी सर्वात सुंदर उजळलेली असते, तीच नेमकी सर्वात बेभरवशाची.

काहीच हलले नाही तर आधी आवेग खरोखर पोचताहेत का ते बघा. त्याच दिवशीच्या दुसऱ्या डिशवर व्हीग्लूट-पीएचफ्लूरिन घेऊन १०० आवेग द्या. ते उसळले तर विजेची बाजू ठीक. उलट सगळेच हलले तर आवेगच थांबवणारे टेट्रोडोटॉक्सिन १ मायक्रोमोलर देऊन परत करा. त्यातही चमक चढत असेल तर ती आवेगांची नव्हे, फोकस सरकल्याची किंवा द्रावणाच्या पीएचची आहे.

दुसरे माप: आत ग्लुकोज किती आणि ते किती वेगाने संपते

यासाठी ग्लुकोजचा फ्रेट संवेदक (ग्लुकोज चिकटले की दोन रंगांच्या चमकेचे गुणोत्तर बदलणारे प्रथिन), शक्यतो ७०० मायक्रोमोलरच्या आसपास अर्धा भरणारा. २५ मिलिमोलरच्या माध्यमात तो गळ्यापर्यंत भरलेला असतो आणि काहीच सांगत नाही. चित्रण १ ते ५ मिलिमोलरमध्येच करा. गॅलॅक्टोजही त्याला चिकटते, म्हणून पेशी धुणे इथेही टाळू नका.

स्थिर पातळी बघून फार काही कळत नाही. आत येणारे आणि संपणारे दोन्ही वाढले तर पातळी जागची हलत नाही, आणि मग 'आवेगांनी फरक पडला नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दार बंद करा आणि आतला साठा किती वेगाने ओसरतो ते मोजा. सायटोकॅलासिन-बी २० मायक्रोमोलर द्या. येणे-जाणे थांबते आणि उतरणाऱ्या रेषेचा सुरुवातीचा उतार म्हणजे हेक्सोकायनेजचा वेग. शांत पेशीत एकदा, आवेग सुरू असताना एकदा. उतार पहिल्या मिनिटातच घ्या, नंतर रेषा वाकते. शेवटी ग्लुकोज नसलेल्या द्रावणात शून्य बिंदू नोंदवा, नाहीतर एकक फक्त 'गुणोत्तर' एवढेच राहते.

सायटोकॅलासिन-बी पेशीच्या सांगाड्यातले ॲक्टिनही मोडते आणि पुटिकांच्या चक्राला ॲक्टिन लागतो. म्हणून सायटोकॅलासिन-डी तेवढ्याच मात्रेत वेगळ्या डिशला द्या. ते ॲक्टिन मोडते, पण ग्लुकोजच्या दाराला हात लावत नाही. दोन्हींत सारखाच परिणाम दिसला तर तुम्ही ग्लुकोज मोजत नव्हता.

आवेगांच्या वेळी बूटॉनमधला पीएच थोडा उतरतो आणि फ्रेटमधला पिवळा भाग आम्लाने मंदावतो, त्यामुळे ग्लुकोज घटल्याचा भास होतो. द्रवात मोकळे सोडलेले पीएचफ्लूरिन घेऊन जुळ्या डिशमध्ये पीएचचा आलेख काढा आणि तेवढी दुरुस्ती करा.

चमकणारी ग्लुकोजची नक्कल, २-एनबीडीजी, घालून पेशी उजळल्या की ग्लुकोज शिरले असे मानण्याची पद्धत फार सोपी आहे, म्हणूनच लोकप्रिय आहे. तिच्यावर भिस्त ठेवू नये. हा रेणू ग्लुकोजपेक्षा बराच अवजड असतो आणि काही पेशींत तो ग्लूटशिवायही आत जातो असे दिसले आहे.

तिसरे माप: काम चालू राहिले का

एटीपीसाठी सिनॅप्टोफायसिनला जोडलेले लुसिफरेज आणि लाल प्रथिन. काजव्याच्या उजेडाला लाल चमकेने भागले की प्रथिन किती आहे याचा फरक निघून जातो. एका बूटॉनमधून फोटॉन मोजकेच येतात, म्हणून ६० सेकंदांचे एक्स्पोजर, खोली पूर्ण काळी, उपकरणांवरचे हिरवे दिवेसुद्धा झाकलेले. २ मिलिमोलर लुसिफेरिन लागते. त्याचा पोटॅशियम क्षार घेतला तर द्रावणातले पोटॅशियम २.५ वरून ४.५ होते आणि पेशी आपोआप थोड्या उत्तेजित होतात. सोडियम क्षार घ्या, किंवा पोटॅशियम क्लोराइड ०.५ वर आणा. लुसिफरेजही पीएचवर हलते, त्यामुळे वरचीच दुरुस्ती इथेही.

आवेगांच्या एका फेरीत निरोगी बूटॉनचा एटीपी फारसा हलत नाही, कारण खर्चाबरोबर उत्पादनही वाढते. फरक दिसतो सतत दमवल्यावर: व्हीग्लूट-पीएचफ्लूरिन घेऊन दर मिनिटाला १०० आवेग, अशा दहा फेऱ्या. ग्लुकोजचा पुरवठा तोकडा असेल तर पहिल्या फेऱ्या नीट जातात, मग चमक खाली यायला वेळ लागू लागतो आणि शेवटी ती वरच अडकते. पुटिका सोडणे चालू राहते. परत ओढून घेणे आणि आत आम्ल भरणे आधी बंद पडते. आरएनए घालून ग्लूट-४ कमी केलेल्या पेशींत असे झाले, तर त्या आरएनएला दाद न देणारे ग्लूट-४ परत घालून सुधारणा होते का ते बघायलाच हवे. त्याशिवाय ते आरएनएचेच दुष्परिणाम नाहीत कशावरून?

बूटॉन वेगळे काढून मोजायचे असतील तर

सिनॅप्टोसोम, म्हणजे तुटून पुन्हा बंद झालेले बूटॉन. मेंदूचा भाग ०.३२ मोलर सुक्रोजमध्ये, म्हणजे लिटरला १०९.५ ग्रॅम, काच-टेफ्लॉनच्या होमोजनायझरने थंड अवस्थेत ८ ते १० वेळा वर-खाली. १००० जीला १० मिनिटे, वरचा द्रव ३, १०, १५ आणि २३ टक्के परकॉलच्या (घनतेनुसार कण वेगळे करणाऱ्या द्रवाच्या) थरांवर हळुवार ओता आणि ३१,००० जीला ५ मिनिटे फिरवा. १० आणि १५, तसेच १५ आणि २३ यांच्या सीमेवरचे पांढुरके पट्टे घ्या. थर ओतताना हात हलला तर पट्टे एकमेकांत मिसळतात आणि मायटोकाँड्रिया सोबत येतो. धुवून ३७ अंशांवर १५ मिनिटे सावरू द्या आणि चार-सहा तासांत काम संपवा.

ट्रिटियम लावलेले २-डीऑक्सिग्लुकोज ०.१ मिलिमोलर द्या आणि ३० सेकंद, १, २ व ५ मिनिटांनी नमुने बर्फगार द्रावणात थांबवून काचतंतूच्या फिल्टरवर गाळा. त्या थंड द्रावणात सायटोकॅलासिन-बी असू द्या, नाहीतर गाळता गाळता रेणू दारातून परत निघून जातात. रेषा जोवर सरळ तोवरचेच आकडे धरा. पाया म्हणून सायटोकॅलासिन-बी आधीच दिलेला नमुना. आणि लक्षात असू द्या: २-डीऑक्सिग्लुकोज हेक्सोकायनेजमुळे अडकते, त्यामुळे हे माप दार आणि हेक्सोकायनेज या दोघांचे मिळून आहे. नुसते दार मोजायचे तर ३-ओ-मिथाइलग्लुकोज घ्या. त्यावर फॉस्फेट चढत नाही. मात्र ते काही सेकंदांतच आत-बाहेर समान होते, म्हणून नमुने घेण्याचा हात तितका चपळ हवा.

उत्तेजनासाठी पोटॅशियम ३० मिलिमोलर, आणि तेवढे सोडियम कमी. तुटलेल्या ॲस्ट्रोसाइटचे तुकडेही या पट्ट्यांत सापडतात आणि त्यांच्याकडे ग्लूट-१ असतो, म्हणून प्रत्येक तुकडीचा थोडा भाग जीएफएपी या ॲस्ट्रोसाइटच्या खुणेच्या प्रथिनाच्या ब्लॉटसाठी बाजूला काढा.

औषधे आणि आकडेवारी

एएमपीके अडवायला बहुतेक जण कंपाउंड-सी घेतात. ते इतर अनेक कायनेजही अडवते. पहिल्या चाचणीला चालेल, पण निष्कर्षासाठी एएमपीकेची निष्क्रिय प्रत किंवा त्याचा आरएनए लागतो. इंडिनाव्हिर ग्लूट-४ ला अडवते, पण मात्रा वाढवली की नेम चुकतो. सगळी औषधे डीएमएसओ या द्रावकात असतात, तेव्हा डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि नियंत्रण डिशमध्येही तेवढेच घाला.

एका पेशीवर ३० बूटॉन मोजले म्हणून नमुने ३० होत नाहीत. ते सगळे एकाच पेशीचे, एकाच एटीपीच्या हिशेबातले. आधी पेशीची सरासरी काढा, नमुना म्हणजे पेशी, आणि पेशी किमान तीन वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या संवर्धनांतून आलेल्या असाव्यात. कुठले बूटॉन घ्यायचे ते लाल वाहिनीवर, हिरवी न बघता ठरवा आणि त्या खुणांची फाइल कच्च्या चित्रांसोबतच ठेवा. खुणा नंतर सरकवल्या तर फाइलच्या तारखेवरून ते कळते.